फिश टँकला यूव्ही दिवा बसवताना : शहापुरातील एका वर्षाचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या घरात फिश टँक आला तो मामंजींसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, काही दिवस वाचन बंद ठेवायला सांगितले गेले, आणि सकाळी दोन वर्तमानपत्रे ओळन् ओळ वाचणाऱ्या माणसाला दिवस खायला उठू लागला. म्हणून सोप्यातील त्यांच्या आरामखुर्चीसमोर चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी ठेवली, परसातील विहिरीच्या पाण्याने ती भरली आणि दोन आठवडे फिल्टर चालवून मग सहा गोल्डफिश सोडले. हिवाळाभर पाणी स्वच्छ राहिले. मामंजी प्रत्येक माशाला वेगळे ओळखू लागले.

मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पाण्याला पोपटी छटा आली आणि महिनाअखेरीस टाकीत हात घातला तर मनगटापुढे बोटे दिसेनाशी झाली. मासे काचेला अगदी चिकटून आले तरच केशरी सावलीसारखे दिसत. "डोळे नीट झाले ते हे हिरवं बघायला व्हय गं?" असे मामंजी एकदा म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटले होते, पण मला फार लागले, कारण टाकीची सगळी देखभाल माझ्याकडे होती.

मी आधी सगळ्यांना सुचते तेच केले. दर तीन दिवसांनी अर्धे पाणी काढून नवे भरले. दुसऱ्या दिवशी बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा तसेच हिरवे होई. पुढे कारण समजले. हे हिरवेपण म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ असते. अर्धे पाणी काढले की शेवाळही अर्धेच जाते, आणि उरलेल्याला नव्या पाण्यातील पोषक द्रव्ये व पूर्वेच्या खिडकीतील ऊन मिळाले की त्याची तूट लवकरच भरून निघते. साध्या फिल्टरच्या स्पंजात या पेशी अडकत नाहीत, कारण त्या त्याच्या छिद्रांपेक्षा खूपच बारीक असतात. नंतर चार दिवस टाकी जाड चादरीने झाकून पूर्ण अंधारात ठेवली, पाणी बरेच निवळले, आणि आठवड्याभरात पुन्हा हिरवे झाले. खिडकीला पडदा लावणे आणि खाद्य निम्म्यावर आणणे हे दोन्ही उपाय कोणीही आधी करावेत असेच आहेत. मीही ते केले आणि शेवाळाचा वेग त्यामुळे कमी झाला, पण पाणी काही नितळले नाही. दोनशेहून अधिक लिटर पाण्याने भरलेली टाकी जागेवरून हलवणे शक्य नव्हते, आणि मामंजींच्या खुर्चीसमोरून ती हलवण्याची माझी इच्छाही नव्हती.

यूव्ही स्टरिलायझर हा शब्द मला एप्रिलच्या मध्यावर कळला. पाहू गेल्यास तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचेच आहे. बंद नळीत अतिनील किरणांचा दिवा असतो आणि त्याच्या भोवतीने पाणी वाहत जाते. कमी दाबाच्या पारावाफेच्या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे यूव्ही-सी प्रकारचे किरण निघतात. ते पेशीतील डीएनएची साखळी बिघडवतात, त्यामुळे शेवाळाला किंवा जंतूला पुढे वाढता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी ही पद्धत फ्रान्समधील मार्सेय शहरात १९१० मध्येच वापरून पाहिली गेली होती. दिवा पाण्यापासून वेगळा ठेवणारी नळी क्वार्ट्झची असावी लागते, कारण साधी काच हे किरण अडवते. याच कारणामुळे टाकीच्या बाहेरून काचेवर यूव्ही दिवा लावण्याचा काहीच उपयोग नसतो.

बेळगावातील एका दुकानात मला टाकीत बुडवायचा जांभळा एलईडी दिवा सातशे रुपयांना दाखवण्यात आला. "अक्का, हेच चालतंय बघा, सगळे हेच नेतात," असे दुकानदार मनापासून सांगत होते आणि त्यांचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. मी खोक्यावर तरंगलांबी शोधली, ती कुठेच छापलेली नव्हती. दिवा जांभळा दिसतो म्हणून तो जंतुनाशक ठरत नाही. शिवाय खरा यूव्ही-सी दिवा माशांच्या टाकीत उघडा लावताच येत नाही, कारण त्याने माशांना आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होते. खरेदी करताना २५४ नॅनोमीटर हा आकडा, बंद अपारदर्शक कवच आणि क्वार्ट्झ नळी या तीन गोष्टी पाहाव्यात, हे मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

शेवटी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे फोनवरून ११ वॉटचा संच मागवला. किंमत ३,१५० रुपये आणि पाठवणी १८० रुपये. येथे सीमाभागातील वाचकांसाठी एक तपशील नोंदवते. विक्रेत्याने आधी सवयीने महाराष्ट्रातील गिऱ्हाईक समजून बिल केले, त्यात केंद्र व राज्याचा जीएसटी असा वेगवेगळा दाखवला. माल कर्नाटकात पाठवायचा असल्याने तेथे आंतरराज्य विक्रीवरचा आयजीएसटी लागतो, म्हणून बिल बदलावे लागले आणि त्यात एक दिवस गेला. पत्त्यातही असेच झाले. आमच्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, विक्रेत्याच्या संगणकात जुने इंग्रजी नाव होते आणि माझ्या ओळखपत्रावर नवे. तेव्हा मला हा काथ्याकूट वाटला, पण पुढे बिल व ओळखपत्रावरचे नाव जुळते असण्याचा उपयोग झाला.

पार्सल २४ एप्रिलला आले. खोके हलवताच आतून काच खळखळली आणि माझ्या पोटात गोळा आला. क्वार्ट्झ नळीचे तीन तुकडे झाले होते. खोके उघडताना मुलीने मोबाइलवर चित्रण केले होते, ही केवळ नशिबाची गोष्ट. विक्रेत्याने प्रथम काचेच्या भागांना हमी नसल्याचे कळवले. मी चित्रफीत, बिल आणि खोक्यावरील चिठ्ठीचा फोटो ईमेलने पाठवला. आठ दिवस उत्तर आले नाही, तेव्हा ३ मे रोजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तेथे मराठीत बोलता आले. बिल क्रमांक, रक्कम दिल्याचा पुरावा, विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि आपल्याला नेमके काय हवे, म्हणजे पैसे परत की वस्तू बदलून, एवढे सगळे त्यांनी विचारले आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक दिला. हे न्यायालय नव्हे. हेल्पलाइन विक्रेत्याशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. सहाव्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला आणि ११ मे रोजी नवी नळी थर्माकोलमध्ये गुंडाळून घरी आली. त्यांनी फक्त पाठवणीचे ९० रुपये घेतले. मी तक्रार बंद झाल्याची नोंद त्याच दिवशी केली. या सतरा दिवसांत पाणी आणखी गडद झाले होते आणि मामंजींनी टाकीविषयी बोलणेच सोडले होते.

वीजकामासाठी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले. "वहिनी, पाणी आणि करंट एकाजागी म्हटल्यावर पहिलं अर्थिंग बघूया की," असे म्हणून त्यांनी दिव्याला हात लावण्याआधी सोप्यातील बोर्ड उघडला. तेथील अर्थिंगची तार सैल होती. ती घट्ट करून त्यांनी त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. त्याचे आणि मजुरीचे मिळून २,४०० रुपये झाले, म्हणजे यंत्राच्या किमतीच्या सुमारे तीन चतुर्थांश खर्च, पण या कामात काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवली, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खालीच ठिबकते. दिवा आणि पंप एकाच स्विचवर घेतले, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि वीज गेल्यावर पंप बंद व दिवा चालू अशी स्थिती आली तर नळीतील साचलेले पाणी तापत राहते.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी आधी स्पंजच्या फिल्टरमधून, मग यूव्हीच्या नळीतून आणि मग टाकीत असे जायला हवे. गढूळ पाण्यात किरण खोलवर पोहोचत नाहीत, आणि टाकीत रंग सोडणारे लाकूड असेल तर त्या तपकिरी पाण्यातही त्यांचा जोर कमी होतो. पहिला पूर्ण दिवस दिवा न लावता फक्त पाणी फिरवून गळती पाहिली. एका जोडणीपाशी थेंब दिसला. रबरी कडी वळली होती, ती सरळ केली.

आता एका बादलीविषयी सांगते, कारण हे यंत्र मला खऱ्या अर्थाने समजले ते बादलीमुळे. पंपावर ताशी १,००० लिटर असे छापलेले होते. मी परतीच्या पाइपाखाली दहा लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावले, तर ती भरायला बरोबर एक मिनिट लागले, म्हणजे ताशी ६०० लिटर. पाइपाची उंची, वळणे आणि फिल्टर यांत बाकीचा जोर खर्च होत होता. प्रवाह मोजणे आवश्यक असते, कारण किरणांची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. पाणी दुप्पट वेगाने गेले तर दिव्यासमोरचा त्याचा वेळ निम्मा होतो आणि मात्राही निम्मी होते. शेवाळाला कमी मात्रा पुरते, परजीवींना कितीतरी अधिक लागते.

आमच्या टाकीचे माप नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर. वरची मोकळी जागा आणि तळातील खडी वजा केली तर पाणी २२० लिटरच्या आसपास. ताशी ६०० लिटरने एवढे पाणी २२ मिनिटांत एकदा फिरते. मला आधी वाटले की २२ मिनिटांत सगळे पाणी दिव्यासमोरून जाईल. तसे होत नाही, कारण स्वच्छ झालेले पाणी पुन्हा त्याच टाकीत मिसळते आणि पंप त्यातलेच काही परत ओढतो. हिशेब केला तर पहिल्या २२ मिनिटांनंतरही सुमारे ३७ टक्के पाणी दिव्यापर्यंत पोहोचलेलेच नसते, दोन फेऱ्यांनंतर साडेतेरा टक्के उरते आणि तीन फेऱ्यांनंतर पाच टक्के. नळीत जे शिरते त्यावरच दिवा काम करतो. खडीवर, काचेवर किंवा माशाच्या अंगावर जे आहे त्याला तो स्पर्शही करत नाही. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू याच कारणाने सुरक्षित राहतात, कारण ते स्पंजाला व खडीला चिकटून असतात. टाकी अगदी नवी असेल तर मात्र ते स्थिरावेपर्यंत दिवा बंद ठेवणे बरे.

१२ मे रोजी संध्याकाळी दिवा लावला. कवचाच्या छोट्या खिडकीतून निळसर उजेड दिसला. प्लास्टिक यूव्ही-सी अडवते म्हणून तो पाहण्यात धोका नाही, पण कवच उघडण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. हे किरण डोळ्यांना काही क्षणांतही इजा करू शकतात आणि दुखणे मात्र काही तासांनी सुरू होते. नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेला माणूस घरात असल्याने मी कवचावर चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये सूचना लिहिली.

पहिले दोन दिवस काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सर्व मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत असलेले दिसले आणि मी घाबरून दिवा बंद केला. शेवाळ एकदम मरू लागले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो, आणि दिवसा ते स्वतः जो प्राणवायू सोडत होते तोही मिळेनासा होतो. अमोनियाच्या चाचणीत रंग अर्ध्या पीपीएमच्या (दशलक्ष भागांत अर्धा भाग) खुणेपाशी आला. हवेचा दुसरा पंप लावला, चौथा हिस्सा पाणी बदलले, मेलेल्या शेवाळाच्या चिकट थराने तुंबलेला स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घेतला, आणि दुपारी दिवा पुन्हा लावला. कोणी इतक्या हिरव्या टाकीला हा दिवा लावणार असेल तर जास्तीची हवा पहिल्या दिवसापासूनच द्यावी. मला हे कोणी आधी सांगितले असते तर ती सकाळ टळली असती.

१६ तारखेला टाकीमागची भिंत अंधुक दिसू लागली. १८ मे, शनिवारी सकाळी मामंजींनी मला हाक मारून बोलावले आणि मोठ्या शेपटीच्या माशाच्या कल्ल्यामागचा पांढरा डाग बोटाने दाखवला. तो डाग मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

जुलैमध्ये दुसरी परीक्षा झाली. झडीच्या पावसात सोप्यातील पाण्याचे तापमान २२-२३ अंशांवर आले होते. त्याच आठवड्यात मी दोन नवे मासे आणले आणि यूव्ही आहे या भरवशावर त्यांना वेगळे न ठेवता थेट टाकीत सोडले. ही माझी चूक होती. पाचव्या दिवशी एका नव्या माशाच्या कल्ल्यावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि दोन दिवसांत ते सगळ्यांवर पसरले. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत पुन्हा मासा शोधतात. दिव्याच्या आवाक्यात येते ती फक्त ही पोहण्याची अवस्था, आणि चार फुटांच्या टाकीत मासा तर वीतभर अंतरावरच असतो. बादलीचा हिशेब येथे पुन्हा आठवला. नळीपर्यंत न पोहोचलेले पाणी नेहमीच थोडेफार उरते, आणि परजीवींचे तेवढ्याने भागते.

मी तोटी आवळून प्रवाह निम्म्यावर आणला, म्हणजे बादली भरायला दोन मिनिटे लागतील असा. दोन दिवसांत सावकाश तापमान २८ अंशांवर नेले आणि लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात ४४० ग्रॅम खडे मीठ विरघळवून दोन हप्त्यांत घातले. २८ अंशांना परजीवीचे चक्र चार-पाच दिवसांत पुरे होते, म्हणून तो असुरक्षित अवस्थेत लवकर येतो. मॅलेकाइट ग्रीनसारखे औषध वापरायचे असते तर दिवा बंद ठेवावा लागला असता, कारण अतिनील किरण अशा रंगद्रव्यांची औषधे मोडून टाकतात. ज्या माशावर पहिले ठिपके दिसले तो वाचला नाही. बाकीचे सात बारा दिवसांत स्वच्छ झाले आणि त्यानंतरही दहा दिवस मी मीठ कायम ठेवले. दिव्याने संसर्गाचा जोर कमी केला असावा, पण मासे वाचले ते मीठ आणि उबेमुळे असे माझे मत आहे. आता नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात राहिल्याशिवाय मोठ्या टाकीत जात नाही.

नंतरचे महिने शांत गेले. विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे क्वार्ट्झ नळीवर पांढरा थर बसतो आणि तो किरण अडवतो, म्हणून दर दोन महिन्यांनी प्लग काढून, नळी किराणा दुकानातील लिंबूफुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पुसते. दिव्याला उघड्या बोटांनी हात लावत नाही. विजेचा खर्च फारसा नाही. ११ वॉटचा दिवा चोवीस तास चालला तरी महिन्याला सुमारे ८ युनिट होतात.

एप्रिल २०२५ पासून पाण्यावर पुन्हा पुसट पोपटी झाक येऊ लागली, दिवा मात्र पूर्वीइतकाच निळा दिसत होता. दिसणारा उजेड आणि २५४ नॅनोमीटरचे किरण या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि साधारण आठ-नऊ हजार तासांनंतर हे किरण बरेच क्षीण होतात. वर्षाचे तास ८,७६० होतात. नवा दिवा ६५० रुपयांना मिळाला. तो घेताना जुन्या दिव्याच्या पिनांची संख्या आणि वॉट दोन्ही जुळवून पाहावेत, कारण एकाच वॉटचे दिवे दोन व चार पिनांचे मिळतात. जुन्या दिव्यात थोडा पारा असल्याने तो घंटागाडीत टाकणे मला पटेना. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत पारा असलेले दिवेही येतात. चौकशीचे तीन फोन झाले, दोन ठिकाणी विषयच समजला नाही. शेवटी मी शिकवते त्या शाळेतील बाद ट्यूबलाइट न्यायला अधिकृत संकलक येणार असल्याचे कळले, तेव्हा नव्या दिव्याच्या खोक्यात गुंडाळून तो त्यांच्याकडे दिला आणि शाळेच्या पावतीवर "यूव्ही दिवा, १ नग" अशी वेगळी नोंद करून घेतली.

नवा दिवा १२ मे २०२५ रोजी बसवला. ती तारीख कवचावरील चिकटपट्टीवर मामंजींनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.